शेवटचे कलम आधी

१७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री व्हाइट हाउसमध्ये इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाहेम बेगिन यांनी दोन वेगवेगळ्या मसुद्यांवर सह्या केल्या; साक्षीदार म्हणून जिमी कार्टर यांची सही पडली. पहिला मसुदा सिनाईचा, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलने इजिप्तकडून घेतलेल्या द्वीपकल्पाचा होता. त्यात शेवट आधीच लिहिलेला होता: संपूर्ण सिनाई, आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत, इजिप्तच्या सार्वभौमत्वाखाली परत जाईल आणि तह झाल्यापासून दोन ते तीन वर्षांत इस्रायली सैन्य तिथून पूर्णपणे निघेल. दुसरा मसुदा त्याच युद्धात इस्रायलच्या ताब्यात गेलेल्या वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनी भागांविषयी होता. त्यात पाच वर्षांचा संक्रमणकाळ होता, स्वयंशासनाची तरतूद होती, तिसऱ्या वर्षापर्यंत अंतिम दर्जाच्या, म्हणजे या भूभागाचे शेवटी काय होणार याच्या, वाटाघाटी सुरू करण्याचे वचन होते. मात्र त्या वाटाघाटींनी कुठे पोचायचे हे कुठेच लिहिलेले नव्हते. पहिल्या मसुद्यातून निघालेला तह युद्धे, हत्या आणि सत्तांतरे पचवून आजही उभा आहे. दुसरा मसुदा कागदावरून खाली उतरलाच नाही.

ज्यांच्या भूमीचा प्रश्न होता ते पॅलेस्टिनी त्या खोलीत नव्हते, हे दुसऱ्या मसुद्याच्या अपयशाचे एक कारण खरेच आहे. पण पंधरा वर्षांनी ते खोलीत आले, आणि तरीही जो करार झाला तो नेमका त्या दुसऱ्या मसुद्याच्या साच्यातला होता. इस्रायली-पॅलेस्टिनी तडजोडीच्या शक्यतेचा विचार करताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शेवट ठरवून टप्पे आखणे आणि टप्पे आखून शेवट मोकळा ठेवणे, या दोन पद्धतींपैकी पहिली एकदा वापरली गेली आणि यशस्वी झाली. दुसरी पुन्हा पुन्हा वापरली गेली आणि पुन्हा पुन्हा फसली. गाझाच्या विध्वंसानंतर जी नवी व्यवस्था मांडली गेली आहे, तीही दुसऱ्याच पद्धतीची आहे.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी ऑस्लो करारावर सह्या झाल्या, आणि इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन व पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हस्तांदोलन केले. त्या छायाचित्राचे जगाने इतके कौतुक केले की चारच दिवस आधी या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांकडे फारसे कोणी लक्षपूर्वक पाहिले नाही. अराफत यांच्या पत्रात इस्रायल या राष्ट्राचा शांततेत आणि सुरक्षिततेत राहण्याचा हक्क मान्य केलेला होता. राबिन यांच्या पत्रात पॅलेस्टाईन मुक्ती संघटना ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी असल्याचे मान्य केलेले होते. एका बाजूने राष्ट्राला मान्यता दिली आणि दुसऱ्या बाजूने वकीलपत्राला. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (ताब्यातल्या भूमीवर वसवलेल्या इस्रायली वस्त्या), सीमा हे सगळे विषय पुढच्या पाच वर्षांवर ढकलले गेले. ती पाच वर्षे मे १९९९ मध्ये संपायची होती.

या पद्धतीमागचा विचार अगदीच भाबडा नव्हता. छोट्या टप्प्यांवर विश्वास बसत जाईल आणि तो बसला की अवघड प्रश्न सोपे होतील, असा तो हिशेब होता. पण घोंगडे भिजत ठेवले की ते जड होत जाते, आणि त्याचा भार दोन्ही बाजूंना सारखा सोसावा लागत नाही. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग पाडले. आजच्या हिशेबाने सुमारे १८ टक्के 'अ' भागात पॅलेस्टिनी प्रशासनाचा कारभार आणि पोलीस, सुमारे २२ टक्के 'ब' भागात कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षा इस्रायली, आणि उरलेला सुमारे ६० टक्के 'क' भाग पूर्णपणे इस्रायलच्या हाती. हा तक्ता काही वर्षांसाठी होता. तो अजून चालू आहे.

शेतीचा वाद ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालय 'जैसे थे'चा आदेश देते, आणि तो नसला तर ज्याच्या हाती नांगर आहे तो दर पावसाळ्यात बांध थोडा थोडा कोरत जातो. ऑस्लोमध्ये 'जैसे थे'चे कलम होते, नाही असे नाही; अंतिम वाटाघाटी होईपर्यंत वेस्ट बँक आणि गाझा यांचा दर्जा बदलणारे पाऊल कोणी उचलू नये, असे दोन्ही पक्षांनी मान्य केले होते. पण वसाहती थांबवण्याचा स्पष्ट उल्लेख त्यात नव्हता. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार इस्रायली राहत होते. आज ती संख्या ५ लाखांच्या पुढे आहे. मजूर पक्ष असो वा लिकुड, कोणत्याही सरकारच्या काळात बांध कोरणे पूर्णपणे थांबले नाही.

हा कोरलेला बांध सर्वांत जवळून दिसतो तो हेब्रॉनमध्ये. अब्राहमाची कबर दोन्ही धर्मांना पवित्र आहे, आणि दोन्ही समाजांच्या जखमा इथे ताज्या आहेत: १९२९ च्या दंगलीत इथे ६७ ज्यू मारले गेले, आणि २५ फेब्रुवारी १९९४ रोजी बारूख गोल्डस्टाइन या वसाहतीतल्या डॉक्टरने मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. जानेवारी १९९७ च्या करारानुसार शहराचे दोन भाग झाले. जो भाग इस्रायली लष्कराकडे राहिला त्यातला शुहदा रस्ता हा एकेकाळचा मुख्य बाजार. आज तिथल्या दुकानांची पोलादी दारे बंद आहेत, काहींना वेल्डिंग मारलेले आहे. शेजारच्या जुन्या बाजारगल्लीवर पॅलेस्टिनी दुकानदारांनी लोखंडी जाळी ताणलेली आहे, कारण वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या वसाहतीतून कचरा आणि दगड खाली पडतात. जाळीत अडकलेल्या बाटल्या, विटा आणि पिशव्यांखालून लोक भाजी घ्यायला जातात. हे सगळे तात्पुरत्या व्यवस्थेचे चित्र आहे, आणि त्या व्यवस्थेतच एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

शेवट मोकळा ठेवण्याचा दुसरा परिणाम अधिक घातक होता. शेवट अनिश्चित असला की प्रत्येक स्फोट वाटाघाटीतले एक मत बनतो. गोल्डस्टाइनला हे कळत होते, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेला कळत होते, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी राबिन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या यिगाल अमीरलाही कळत होते. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमास आणि इस्लामिक जिहादने बसगाड्यांत आणि रस्त्यांवर आत्मघाती स्फोट केले, आणि मे महिन्यात बेन्यामिन नेतान्याहू सुमारे एक टक्क्याच्या फरकाने निवडून आले. करार मोडायला बहुमत लागत नव्हते. थोडी माणसे आणि योग्य वेळ पुरेशी होती.

इथे सिनाईची आठवण पुन्हा काढावी लागते. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सादात लष्करी संचलनात मारले गेले, तेव्हा सिनाईचा पूर्वेकडचा मोठा पट्टा अजून इस्रायलच्या ताब्यात होता आणि अंतिम माघारीला सहा महिने बाकी होते. राबिन यांच्या हत्येने ऑस्लोचे जे झाले ते इथेही होऊ शकले असते. झाले नाही, कारण उरलेले काम नव्याने ठरवायचे नव्हते, ठरलेले पार पाडायचे होते. एप्रिल १९८२ मध्ये बेगिन यांच्याच सरकारने, आरियल शेरॉन संरक्षणमंत्री असताना, यामीत ही समुद्रकाठची वसाहत रिकामी केली; गच्च्यांवर ठाण मांडून बसलेल्या आंदोलकांना सैनिकांनी एकेक करून उतरवले आणि गाव जमीनदोस्त केले. वसाहतींचे हे दोन मोठे पुरस्कर्ते होते, हे विसरू नये. त्यानंतरही अकाबाच्या आखाताकाठचा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा तुकडा आणि त्यावरचे एक हॉटेल यांवरून भांडण उरले. त्या जागेचे नाव ताबा (ताब्याच्या ताब्याचा वाद, हा योगायोग मराठी वाचकालाच कळेल). १९८८ मध्ये लवादाने तो तुकडा इजिप्तला दिला आणि पुढच्या वर्षी इस्रायलने तो सोडला. तत्त्व ठरलेले असले की खुंटा कुठे ठोकायचा याचा वाद मोजणीदार सोडवतात.

यावर इस्रायलमधून येणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही २००० मध्ये दक्षिण लेबनॉन सोडले, तिथे हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना बसली. २००५ मध्ये गाझातल्या २१ वसाहती आणि सुमारे आठ हजार माणसे उचलली, तिथून रॉकेट आले आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२३ आला, असे तिथला सामान्य मतदार म्हणतो. त्या दिवशी सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि २५१ जण ओलीस नेले गेले. बेएरी या किब्बुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) मारल्या गेलेल्यांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या; 'विमेन वेज पीस' या शांतता चळवळीच्या त्या संस्थापकांपैकी एक, आणि गाझातल्या रुग्णांना आपल्या गाडीतून इस्रायली रुग्णालयांत पोचवणाऱ्या स्वयंसेविका. सीमेलगतच्या अशा गावांतून शांततेवर विश्वास ठेवणारी माणसे मारली गेल्यावर 'जमीन द्या, शांतता मिळेल' हे सूत्र तिथे कोणी ऐकून घेत नाही, यात नवल काही नाही.

पण लेबनॉन आणि गाझा या दोन्ही माघारी एकतर्फी होत्या. २००५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझा सोडला तो पॅलेस्टिनी प्रशासनाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्याशी करार न करता. वाटाघाटींतून मिळालेले यश अब्बास यांच्या पदरात पडले नाही, आणि बंदुकीने जमीन सोडवली असे म्हणायला हमासला मोकळे रान मिळाले. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या आणि पुढच्या वर्षी गाझा बळाने तिच्या हाती गेला. जी माघार तहाने झाली ती चार दशके टिकली. तहाविना झालेल्या माघारींचे दाखले देऊन तहच अशक्य ठरवणे, हा तर्क मला पटत नाही.

सिनाई आणि वेस्ट बँक यांत फरक आहेत हे मात्र मान्य करायला हवे. सिनाई वाळवंट होते. तिथल्या वसाहतींत काही हजार माणसे होती. समोर एक राज्य, एक सैन्य, एक स्वाक्षरी होती. वेस्ट बँक ही धार्मिक ज्यूंच्या दृष्टीने बायबलची भूमी आहे, आणि समोरचा पक्ष दुभंगलेला आहे. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते. नव्वदी गाठली तरी ते पदावर आहेत आणि २००६ नंतर पॅलेस्टिनी संसदेची निवडणूक झालेली नाही. ज्यांच्या सहीला दोन्ही भागांत वजन येईल असे मानले जाते ते फतह पक्षाचे नेते मरवान बरघूती २००२ पासून इस्रायली तुरुंगात पाच जन्मठेपा भोगत आहेत. ज्याच्याकडे जनादेश नाही त्याच्या सहीवर कोणी घर सोडणार नाही.

तरीही शेवटचे कलम काय असेल हे कोडे राहिलेले नाही. डिसेंबर २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी ते वाचून दाखवले: वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग आणि त्याला जोड म्हणून जमिनीची अदलाबदल, जेरुसलेममधले अरब मोहल्ले पॅलेस्टाईनला आणि ज्यू मोहल्ले इस्रायलला, निर्वासितांचे पुनर्वसन मुख्यतः नव्या पॅलेस्टिनी राज्यात. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी जवळपास असाच नकाशा अब्बास यांच्यापुढे ठेवला, पण प्रत हाती दिली नाही. अब्बास यांनी तो हाताने उतरवून घेतला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे पायउतार होण्याच्या बेतात होते, आणि जाणाऱ्या पंतप्रधानाच्या तोंडी नकाशावर अब्बास यांनी सही केली नाही. त्यांनी ती करायला हवी होती असे माझे मत आहे. किमान तो कागद दोन्ही बाजूंच्या दप्तरी दाखल झाला असता.

या कलमातला सर्वांत कडू घोट निर्वासितांचा आहे. जुलै १९४८ मध्ये लोद आणि रामला या गावांतून पन्नास ते सत्तर हजार अरब रहिवाशांना इस्रायली सैन्याने बाहेर काढले. रामल्लालगतच्या अल्-अमारी छावणीत त्यांचे वंशज आज आहेत, आणि घराची जुनी किल्ली जपून ठेवणे हा तिथे घराण्याचा रिवाज आहे. त्याच लोद-रामलात पुढे कोकणातून गेलेली बेने इस्रायल ज्यू कुटुंबे वसली. पोहे, खोबरे आणि साखरेचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करणारी, घरात मराठी बोलणारी ही माणसे कोणाला हुसकावून तिथे गेली नव्हती. त्यांना सरकारने जिथे घर दिले तिथे ती राहिली, आणि आता त्यांची नातवंडे तिथली आहेत. न्याय म्हणून किल्लीवाल्याला त्याच उंबरठ्यावर परत न्यायचे, तर या दुसऱ्या घराचे काय करायचे याला उत्तर नाही. भरपाई, अन्यायाची उघड कबुली आणि स्वतःच्या राज्यात परतण्याचा हक्क, यांपलीकडे जाता येणार नाही, हे पॅलेस्टिनी नेत्यांनी आपल्या लोकांना उघडपणे क्वचितच सांगितले. इस्रायली नेत्यांनीही हेब्रॉन सोडावे लागेल हे आपल्या लोकांना सांगितलेले नाही. १८ जुलै २०२४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, पॅलेस्टिनी राज्याच्या स्थापनेला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला.

दोन राज्यांची कल्पनाच आता मेली, एकच राज्य आणि सर्वांना समान मत हाच मार्ग, असे म्हणणारे दोन्हीकडे आहेत. तत्त्व म्हणून त्याला नाव ठेवता येत नाही. पण जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत ज्यू आणि पॅलेस्टिनी प्रत्येकी सत्तर लाखांहून अधिक आहेत, दोघांनाही स्वतःचा झेंडा हवा आहे, आणि एका राज्याचा जो नमुना वेस्ट बँकेत प्रत्यक्षात चालू आहे त्यात एकाच टेकडीवरच्या वसाहतीतल्या माणसाला इस्रायलचा दिवाणी कायदा लागतो आणि खालच्या गावातल्या माणसाला लष्करी न्यायालय. समान मत हा त्या नमुन्याचा पुढचा टप्पा असेल असे मानायला आधार दिसत नाही.

आता ताजा कागद. गाझातल्या युद्धात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार साठ हजारांहून कितीतरी अधिक पॅलेस्टिनी मारले गेल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या वीस कलमी योजनेनुसार युद्धविराम झाला आणि जिवंत असलेले शेवटचे वीस ओलीस सुटले. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ तेरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. रशिया आणि चीन तटस्थ राहिले. त्या ठरावाने गाझासाठी एक 'शांतता मंडळ' आणि एक आंतरराष्ट्रीय दल उभे केले, आणि दोन्हींची मुदत ३१ डिसेंबर २०२७ अशी नेमकी लिहिली. पॅलेस्टिनी राज्याविषयी मात्र असे म्हटले की प्रशासनाच्या सुधारणा आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे सरकल्यावर आत्मनिर्णय आणि राज्य यांकडे जाणाऱ्या विश्वासार्ह वाटेसाठी परिस्थिती 'कदाचित' तयार होईल. तात्पुरत्या मंडळाला तारीख आहे, कायमच्या राज्याला 'कदाचित'. युद्धविरामानंतर गाझाचा निम्म्याहून अधिक भाग इस्रायली लष्कराकडे राहिला, आणि त्या रेषेवर पिवळे काँक्रीटचे ठोकळे मांडले गेले. 'अ', 'ब' आणि 'क' ही अक्षरे पहिल्या दिवशी अशीच निरुपद्रवी दिसत होती.

दरम्यान दुसरीकडे बांध कोरणे चालूच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलने जेरुसलेम आणि मआले अदुमीम यांच्यामधल्या 'ई-१' पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांच्या योजनेला मंजुरी दिली. हा पट्टा बांधला गेला की वेस्ट बँकेचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांना पूर्व जेरुसलेमजवळ जोडणारी मोकळी जमीन उरत नाही. अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी हा उद्देश लपवला नाही. पॅलेस्टिनी राज्याची कल्पना याने गाडली जाते, असे त्यांनी उघड सांगितले.

मग आशेला जागा आहे का? नजीकच्या काळात फारशी नाही, असे मला वाटते. पण ही दारे आतून बंद असली तरी बाहेरून कधीच उघडली नाहीत असा इतिहास नाही. १९५७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या दबावाखाली इस्रायलने आदल्या वर्षीच्या युद्धात घेतलेले सिनाई सोडले. १९९१ मध्ये अध्यक्ष असलेल्या थोरल्या बुश यांनी इस्रायलला हव्या असलेल्या दहा अब्ज डॉलरच्या कर्जहमीला वसाहतींच्या मुद्द्यावर रोखून धरले, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत यित्झाक शामीर हरून राबिन आले. दुसरी किल्ली अरब राष्ट्रांकडे आहे. मार्च २००२ मध्ये बैरुतच्या परिषदेत अरब लीगने १९६७ च्या सीमांपर्यंत माघारीच्या बदल्यात संपूर्ण संबंधांचा प्रस्ताव मांडला. त्याच संध्याकाळी इस्रायलमधल्या नेतान्या शहराच्या पार्क हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणावर हमासचा आत्मघाती हल्ला झाला, तीस माणसे मेली आणि प्रस्ताव त्या ढिगाऱ्याखाली गेला. तो अजून मागे घेतलेला नाही, आणि सौदी अरेबियाशी संबंध हे इस्रायलला मिळू शकणारे सर्वांत मोठे बक्षीस आजही आहे. ते कोणत्या कलमाच्या बदल्यात द्यायचे, हे रियाधने ठरवायचे आहे. वाटाघाटी पुन्हा सुरू होण्याच्या बदल्यात दिले, तर ते वाया जाईल.

भारताची भूमिका या सगळ्यात छोटी, पण नोंद घेण्याजोगी आहे. १९४७ मध्ये फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, आणि आज दोन्ही राजधान्यांत ये-जा. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आमसभेने न्यूयॉर्क जाहीरनाम्याला १४२ विरुद्ध १० मतांनी पाठिंबा दिला, तेव्हा भारताने होकारार्थी मत दिले. नंतरच्या दहा-बारा दिवसांत ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता जाहीर केली. त्या जाहीरनाम्यात दोन राज्यांच्या दिशेने ठोस, कालबद्ध आणि मागे न फिरवता येणारी पावले टाकण्याची भाषा आहे. 'कालबद्ध' या शब्दाच्या पुढे तारीख लिहिलेली नाही, आणि ती कोणती असावी हा प्रश्न होकार देणाऱ्या १४२ देशांपैकी कोणीही विचारू शकतो. दिल्लीलाही त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.